चूळ भरायची की नाही? ब्रश, दोरा आणि माउथवॉश यांचा क्रम

प्रश्न असा आहे: ‘माझं वय ५६. रोज रात्री ब्रश करते, तीन-चार वेळा खळखळून चूळ भरते आणि शेवटी माउथवॉश घेऊन झोपते. एवढं करूनही यंदा दोन दाढांच्या मध्ये कीड निघाली. मुलगी इंग्लंडमध्ये असते. ती म्हणते, तिकडे ब्रशनंतर चूळ भरू नका आणि माउथवॉशही घेऊ नका असं सांगतात. यजमानांना हिरड्यांच्या उपचारानंतर एक गुलाबी माउथवॉश लिहून दिला होता, तो त्यांनी अजून चालू ठेवलाय. सासूबाई मशेरी लावतात आणि वास जावा म्हणून माझ्याच बाटलीतून घोटभर घेतात. पाच वर्षांच्या नातवालाही आमचं बघून माउथवॉश हवा असतो. नेमका क्रम काय असावा?’

ताई, तुमची मुलगी बरोबर सांगते आहे. बाकीच्या तिघांचं काय ते पुढे एकेक करून लिहितो, पण तुमच्यापुरतं उत्तर आधी सांगून टाकतो. रात्री जेवण झाल्यावर, आता काही खायचं-प्यायचं नाही असं ठरलं की आधी दातांच्या फटी दोऱ्याने, म्हणजे डेंटल फ्लॉसने, साफ करा. मग फ्लोराइड असलेल्या पेस्टने दोन मिनिटं ब्रश करा. तोंडातला फेस नीट थुंका आणि तशाच झोपायला जा. चूळ भरायची नाही, माउथवॉशही घ्यायचा नाही. माउथवॉश आवडत असेल तर दुपारी जेवणानंतर घ्या. आणि रात्रीशिवाय वेळच मिळत नसेल तर तो सगळ्यात आधी घ्या, दोऱ्याच्याही आधी. दातांवर शेवटचा हात पेस्टचा असावा. माझ्या दवाखान्यात पंचवीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलोय आणि ‘चूळ भरायची नाही’ म्हटलं की समोरचा माणूस हमखास तोंड वाकडं करतो.

तो का करतो, हे मला नीट समजतं. आपण सगळे ‘चूळ भर, नीट खळखळून भर’ हे ऐकतच मोठे झालो. आणि आपल्या आज्यांचं त्या काळी बरोबरच होतं. राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, विटकरीचा भुगा, नाहीतर डब्यातलं लाल दंतमंजन, हे सगळं दात घासून झाल्यावर तोंडातून धुऊन काढण्यासारखंच होतं. त्याचे कण हिरड्यांत राहिले तर टोचायचे, सुजवायचे. खसाखसा घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं, भांड्यासारखं. पुढे हातात पेस्ट आली, पण चूळ तीच राहिली. पेस्टमध्ये घासण्याचं द्रव्य असतं, फेस आणणारा पदार्थ असतो आणि त्यांच्याबरोबर एक औषध असतं, ते म्हणजे फ्लोराइड. पहिल्या दोघांचं काम ब्रश फिरतो तेवढ्या दोन मिनिटांत संपतं. औषधाचं काम ब्रश खाली ठेवल्यावर सुरू होतं. तीन-चार चुळा भरल्या की आपण ते औषध बेसिनमध्ये सोडून देतो.

ते औषध करतं काय, हे कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, हे कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचं बनलेलं असतं. आपण गोड किंवा पिष्टमय काही खाल्लं की दातांवरच्या चिकट थरातले जंतू त्याचं आम्ल करतात. पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), ५.५च्या खाली गेला की एनॅमलमधून खनिजं सुटून बाहेर यायला लागतात. अमेरिकेतल्या स्टीफन नावाच्या संशोधकाने १९४०च्या दशकात हे मोजून दाखवलं. साखरेच्या पाण्याची चूळ भरल्यावर काही मिनिटांतच दातांवरचा पीएच कोसळतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. त्याने काढलेला आलेख आम्ही दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षांत शिकतो आणि आयुष्यभर वापरतो. पीएच वर चढताना लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत दातात जाऊन बसतं. म्हणजे दिवसभर दातातून खनिजं जातात आणि येतात. जाणं जास्त झालं की कीड लागते. तोंडात थोडं जरी फ्लोराइड शिल्लक असेल तर परत येण्याचा वेग वाढतो आणि जो नवा स्फटिक बनतो तो आम्लाला जास्त दाद देत नाही. पण ते दाताच्या पृष्ठभागाशी, लाळेत आणि थरात टिकून राहायला हवं.

रात्रीचं महत्त्व इथेच आहे. झोपेत लाळ जवळजवळ आटते. दिवसभर दात धुणारी, आम्ल मारणारी, खनिजं पुरवणारी ही व्यवस्था सहा-सात तास मंदावलेली असते. त्यामुळे रात्री दातांवर जे राहतं ते बराच वेळ राहतं. पेढा राहिला तर पेढा, फ्लोराइड राहिलं तर फ्लोराइड.

आता तुमच्या माउथवॉशचा हिशेब मांडू. भारतात विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग. तुमच्या मुलीला इंग्लंडमध्ये जी मोठ्यांची पेस्ट मिळते तिच्यात साधारण १३५० ते १५०० असतं. आणि रोजच्या वापराच्या फ्लोराइड माउथवॉशमध्ये ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे सुमारे २२५ पीपीएम. ब्रशनंतर लगेच हा माउथवॉश खळखळवला तर तुम्ही हजाराचं द्रावण धुऊन काढून त्या जागी सव्वादोनशेचं ठेवता. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा लोकांना हेच सांगते, की माउथवॉशमध्ये फ्लोराइड असलं तरी तो ब्रशच्या लगेच पाठीवर घेऊ नका, दुपारच्या जेवणानंतरसारखी वेगळी वेळ निवडा आणि घेतल्यावर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. आपल्या दुकानांतल्या कितीतरी माउथवॉशमध्ये तर फ्लोराइड मुळीच नसतं. मग सव्वादोनशेही नाहीत, नुसता पुदिन्याचा वास राहतो. त्या घोटाने तोंड गार पडतं आणि स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, हे मलाही मान्य आहे. पण ते वाटणं आणि दाताचं भलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चूळ न भरता झोपणं पहिल्या आठवड्यात जड जातं. यावर माझा पहिला उपाय पेस्ट कमी घेण्याचा. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट दाखवतात, त्याची काही गरज नाही. मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. तेवढीच घेतली की फेस कमी होतो, तिखटपणा कमी होतो आणि थुंकल्यावर तोंडात फारसं काही राहिल्यासारखं वाटत नाही. दोन-तीनदा नीट थुंका, ओठ ओल्या हाताने पुसा. तरीही जमत नसेल तर एक मधला मार्ग आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या दंतसंशोधकांनी १९९०च्या दशकात तो मांडला. ब्रश झाल्यावर तोंडातला फेस तोंडातच ठेवायचा, पाण्याचा एक छोटासा घोट घ्यायचा आणि ते फेसाळ पाणी मिनिटभर दातांच्या फटींतून फिरवून थुंकायचं. पुढे पाणी नाही. यात चूळ भरल्याचं समाधान मिळतं आणि पेस्टचाच माउथवॉश होतो. माझ्याकडच्या वयस्कर रुग्णांना हा मार्ग सगळ्यात जास्त पटतो.

मात्र हे सगळं ज्या पेस्टमध्ये फ्लोराइड आहे तिच्यासाठी. तुमची ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट किंवा स्टॅनस फ्लोराइड यांपैकी एखादं नाव आणि पुढे पीपीएमचा आकडा दिसला पाहिजे. ‘लवंगयुक्त’, ‘कडुनिंबयुक्त’, ‘संपूर्ण वनस्पतिजन्य’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. तुमची पेस्ट तशी असेल तर चूळ भरली काय आणि न भरली काय, किडीच्या दृष्टीने फरक पडत नाही. तेव्हा आधी पेस्ट बदला.

‘फ्लोराइड तर विषारी असतं ना?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो आणि तो उगाच येत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विंधनविहिरीच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५पर्यंत. त्याहून जास्त असलेलं पाणी लहानपणापासून पोटात गेलं तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि प्रमाण फारच असेल तर हाडंही आखडतात. अशा गावात पाण्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण तिथला त्रास गिळलेल्या फ्लोराइडचा आहे, वर्षानुवर्षांचा. पेस्ट थुंकायची असते. चूळ न भरल्याने जो अंश तोंडात राहतो तो मोठ्या माणसाला अपाय करण्याइतका नसतो.

आता तुमच्या दोन दाढांच्या मधल्या किडीकडे येतो, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ती आहे. तुम्ही ब्रश करता, चुळा भरता, माउथवॉश घेता, पण दोऱ्याचा उल्लेख कुठेच नाही. ब्रशचे केस दाताच्या बाहेरच्या, आतल्या आणि वरच्या बाजूला पोचतात. दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात तिथे ते शिरू शकत नाहीत. माउथवॉशही तिथल्या चिकट थराला वरवर भिजवून निघून जातो. तुमची कीड नेमकी त्याच जागी निघाली.

दोरा आधी की ब्रश आधी, यावर आमच्यातही बरीच वर्षं ‘कसंही करा, पण करा’ एवढंच सांगितलं जायचं. २०१८ साली इराणमधल्या मशहदच्या दंतसंशोधकांनी २५ विद्यार्थ्यांवर हे दोन्ही क्रम करून बघितले. आधी दोरा आणि मग ब्रश केल्यावर फटींतला थर जास्त निघाला आणि त्या थरात फ्लोराइडही जास्त टिकलं. अभ्यास लहान आहे, पण तर्क सरळ आहे. फट मोकळी झाली की पेस्टला आत शिरायला वाट मिळते. दोऱ्याने उकरलेला कचरा मग ब्रशने आणि थुंकण्याने बाहेर जातो, पुन्हा पाण्याने चूळ भरायचं कारण उरत नाही.

दोरा वापरायचा तर हातभर लांब तोडा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा आणि फटीत करवतीसारखा हलवत उतरवा. एकदम खाली दाबला तर हिरडी कापते. खाली गेल्यावर एका दाताला इंग्रजी सी अक्षरासारखा लपेटून वर-खाली पुसा, मग शेजारच्या दाताला. पहिले चार-सहा दिवस थोडं रक्त येईल. बहुतेक लोक रक्त बघून दोरा सोडतात, खरं तर सुजलेल्या हिरडीतून रक्त येतंय म्हणजे तिथे सफाईची गरज होती. दहा-पंधरा दिवसांनीही थांबलं नाही तर मात्र दाखवा. तुमच्या वयात हिरड्या थोड्या वर सरकून फटी रुंद झालेल्या असतात. तिथे दोऱ्यापेक्षा फटीत घालायचे छोटे ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशची बारीक आवृत्ती म्हणा, जास्त चांगलं काम करतात. औषधाच्या दुकानात वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, कुठली जाडी लागेल ते एकदा डॉक्टरांकडून मापून घ्या. आणि एक विनंती. बांगडीला किंवा मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन दातात घालू नका. पिनेने हिरडीत झालेल्या जखमा मी फार बघितल्यात. काडेपेटीच्या काडीचंही तेच.

यजमानांच्या गुलाबी बाटलीवर बहुधा क्लोरहेक्सिडीन ग्लुकोनेट हे नाव असेल. असेल तर त्यांचा क्रम तुमच्यापेक्षा अगदी वेगळा आहे. क्लोरहेक्सिडीन हे औषधच आहे आणि चांगलं औषध आहे. त्याची गंमत त्याच्या चिकटण्यात आहे. एकदा खळखळवलं की ते दातांना आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला धरून बसतं आणि पुढचे कितीतरी तास हळूहळू सुटत राहतं. म्हणून दिवसातून दोनदाच घ्यायचं, ०.२ टक्क्यांचं असेल तर १० मिलिलिटर, मिनिटभर. पण त्याच्या रेणूवर धन प्रभार असतो आणि पेस्टला फेस आणणारा जो पदार्थ असतो, सोडियम लॉरिल सल्फेट, त्याच्यावर ऋण. दोघे तोंडात भेटले की एकमेकांना बांधून निकामी करतात. म्हणून क्लोरहेक्सिडीन घेणाऱ्याने ब्रश झाल्यावर चूळ भरायची, अगदी नीट भरायची, किमान अर्धा तास थांबायचं आणि मग औषध घ्यायचं. अलीकडच्या काही अभ्यासांत हा परिणाम वाटला होता तितका मोठा दिसला नाही, तरी मी अजून अंतर ठेवायलाच सांगतो, त्यात कुणाचं नुकसान नाही. औषध घेतल्यावर पाण्याने चूळ नाही, अर्धा तास खाणं-पिणं नाही, चहा तर नाहीच.

हे औषध किती दिवस घ्यायचं, हा त्याहून मोठा मुद्दा. सहसा एक-दोन आठवडे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णाच्या हिरड्यांची शस्त्रक्रिया केल्यावर मी चिठ्ठीवर क्लोरहेक्सिडीन लिहून दिलं. ‘दहा दिवस’ असं लिहिलं होतं, पण तोंडाने बजावून सांगितलं नाही. गृहस्थ बाटली संपली की तीच चिठ्ठी दाखवून नवी आणत राहिले. आठ महिन्यांनी आले तेव्हा सगळ्या दातांच्या कडा तपकिरी-काळ्या झाल्या होत्या, जेवणाची चव लागत नाही अशी तक्रार होती आणि घरात बायको त्यांच्यावर तंबाखूचा संशय घेत होती. बाईंसमोर तो संशय मला दूर करावा लागला, दात घासून-पुसून पूर्ववत करायला एक संपूर्ण बैठक गेली. चूक माझी होती. तेव्हापासून मी ते औषध लिहिलं की खाली बंद करायची तारीख घालतो आणि वाचून दाखवतो. तुमच्या यजमानांना आजच्या आज थांबायला सांगा आणि ज्यांनी ते दिलं त्यांना एकदा विचारून घ्या. डाग वरवरचे असतात, साफ होतात. चवही परत येते.

माउथवॉश म्हणजे ब्रशला पर्याय, असं कुणाला वाटत असेल तर एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूसला हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या. हिरड्यांची सूज दातांवरच्या थरामुळे येते आणि तो थर खरवडून काढला की जाते, हे त्यावरून पक्कं झालं. पुढे १९७०मध्ये ल्यो आणि शॉट यांनी दाखवलं की आधी लख्ख साफ केलेल्या दातांवर क्लोरहेक्सिडीन रोज दोनदा घेतलं तर न घासताही थर धरत नाही. ‘आधी लख्ख साफ केलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जुन्या, जाड थरावर आणि दगडासारख्या किटणावर कुठलाच माउथवॉश चालत नाही. म्हणून डॉक्टर आधी किटण काढतात आणि मगच बाटली देतात. उलट्या क्रमाने बाटली घेऊन काही साधत नाही.

वासासाठी माउथवॉश घेत असाल तर आधी जिभेकडे बघा. तोंडाचा वास बहुतेक वेळा तोंडातूनच येतो, पोटातून नाही, आणि त्यातला मोठा वाटा जिभेच्या मागच्या भागावर साचलेल्या पांढऱ्या थराचा असतो. जिभली घेऊन मागून पुढे तीन-चार वेळा हलक्या हाताने ओढा. हे ब्रशच्या आधी करा, कारण जीभ साफ केल्यावर पाण्याने तोंड धुवावंसं वाटतं आणि ती चूळ ब्रशच्या आधीच भरून झालेली बरी. तेलाच्या गुळण्या करत असाल तर त्याही ब्रशच्या आधीच. मीठपाण्याच्या गुळण्यांचंही तसंच. तोंड आलं असेल तेव्हा किंवा दाढ काढून २४ तास उलटल्यावर त्या जरूर करा, पण ब्रशच्या पाठोपाठ नको.

सकाळचं थोडक्यात. उठल्यावर चहाच्या आधी दात घासायची आपली जुनी सवय चांगली आहे, ती ठेवा. रात्रभराचा थर निघतो आणि नाश्त्याच्या वेळी दातावर थोडं फ्लोराइड असतं. मात्र लिंबूपाणी, आवळ्याचा रस, पन्हं, कोकम सरबत, चिंचेचं सार असं आंबट काही घेतलं असेल तर लगेच ब्रश करू नका. आम्लाने एनॅमल काही काळ मऊ पडलेलं असतं, साध्या पाण्याने तोंड खळखळवा आणि अर्धा तास थांबा. इथे मात्र चूळ हवी. घरात कुणी गरोदर असेल आणि सकाळच्या ओकाऱ्या होत असतील तर हे विशेष लक्षात ठेवा. उलटीनंतर पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चूळ भरायची आणि ब्रश मागाहून.

नातवाला माउथवॉश नको. सहा वर्षांखालची मुलं खळखळवून थुंकायच्या ऐवजी गिळतात. त्याला वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. तीन वर्षांखालचं कुणी असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी. ब्रश तुम्ही किंवा त्याच्या आईने हातात घ्या. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत मुलाचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट फिरत नाही. घासून झाल्यावर त्याला फक्त ‘थुंक’ म्हणा. ‘चूळ भर’ हे त्याला शिकवलंच नाही तर मोठेपणी त्याला ती सवय मोडावी लागणार नाही.

आता सासूबाई. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिली आहे, पण चौघांत मला काळजी त्यांचीच वाटते. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. आपल्याकडे गावोगावच्या बायका ती ‘दातांना चांगली’ म्हणून लावत आल्या. सकाळी एकदा, मग जेवणानंतर, मग काम करता करता, मग झोपताना. दात दुखायचा थांबतो असा अनुभव त्यांना येतो, सवय मात्र सुटत नाही. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, म्हणून डबी दिसली नाही की त्यांना चैन पडत नाही. हा त्यांचा हट्ट नाही, शरीराला लागलेलं व्यसन आहे आणि ते लागलं तेव्हा त्यांना कुणी धोका सांगितलेला नव्हता. धूर न काढता वापरलेली तंबाखूही तोंडाचा कर्करोग करते, याबद्दल आता वैद्यकशास्त्रात शंका राहिलेली नाही.

माउथवॉशने त्यांच्या तोंडाचा वास तासभर झाकला जाईल. त्याच्याखाली काय चाललंय ते कुणाला दिसणार नाही. उद्या दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बसवून त्यांचं तोंड बघा. त्यांची हरकत नसेल तर मोबाइलचा दिवा लावा. मशेरी ज्या बाजूला लावतात तिथली हिरडी, गालाची आतली बाजू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हलणारा एखादा दात, तिखट लागलं की होणारी आग, मानेला लागणारी गाठ, यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा. चट्टा दुखत नाही म्हणून घरी बसून राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यातल्या काहींना मी सहा महिने आधी बघितलं असतं तर बरंच काही वेगळं झालं असतं.

काही दिसलं नाही तरी त्यांच्या दातांना फ्लोराइडची गरज तुमच्यापेक्षा जास्त आहे. मशेरीच्या घासण्याने आणि वयाने हिरड्या सरकून दातांची मुळं उघडी पडतात. मुळावर एनॅमल नसतं आणि ते एनॅमलपेक्षा सौम्य आम्लातही विरघळायला लागतं. रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्यांनी लाळ कमी होत असेल तर आणखी वाईट. अशा कोरड्या तोंडात अल्कोहोल असलेला माउथवॉश झोंबतो आणि तोंड आणखी सुकतं, म्हणून तुमची बाटली त्यांना देऊ नका. मऊ केसांचा ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट आणि थुंकून झोपणं, एवढं त्यांना रात्री करायला लावा. सुरुवात रात्रीच्या मशेरीच्या जागी ब्रश, अशी केलेली मी यशस्वी झालेली पाहिली आहे. तोंडात काहीतरी फिरवायची वेळ तीच राहते, वस्तू बदलते. रात्रीची सुटली की दुपारची. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. फोन तुम्ही लावून द्या आणि त्यांच्याजवळ बसा.

तपासायला नेताना त्यांना आधीपासून दटावू नका आणि डबी लपवायलाही लावू नका. ती बरोबर घेऊन या म्हणावं. दिवसातून किती वेळा, किती आणि तोंडाच्या कुठल्या बाजूला लावतात हे डबी समोर ठेवून त्या मोकळेपणाने सांगतात, आणि कुठे जास्त बारकाईने बघायचं ते मला त्यावरूनच कळतं.